ट्रिगर कोणता देणार, हे आधी विचारा

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात हार्मोनच्या इंजेक्शनांनी अंडाशय प्रमाणाबाहेर सुजतात, पोटात पाणी साठतं. डॉक्टर याला ओएचएसएस म्हणतात. या वेळच्या पत्रांत हाच विषय पुन्हा पुन्हा आला, म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. उत्तरांत औषधांच्या मात्रा लिहिल्या आहेत त्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडाव्यात म्हणून. घरच्या घरी डोस बदलण्यासाठी नाहीत.

माझं वय २७, वजन ४९ किलो. पीसीओडी आहे आणि एएमएच ८.४ आलंय. एक डॉक्टर म्हणतात, आधीच्या पाळीच्या एकविसाव्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू करू. दुसरे म्हणतात, पाळी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून. माझ्या जाऊबाईंच्या बहिणीला याच उपचारात पोटात पाणी होऊन आयसीयूत ठेवावं लागलं होतं. मी कुठली पद्धत घेऊ?
– एक वाचक, नाशिकरोड

दुसरी. तुमच्या पत्रातली प्रत्येक गोष्ट धोका वाढवणारी आहे: कमी वय, कमी वजन, पीसीओडी आणि जास्त एएमएच, म्हणजे अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं हार्मोन. एएमएच ३.४ च्या वर गेलं किंवा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून २४ हून जास्त बारीक फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्या, दिसले, की सावध पवित्रा घ्यायचा असतो. तुमचं एएमएच त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

फॉलिकल वाढवणाऱ्या एफएसएचच्या इंजेक्शनांनीच हा आजार होतो, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर त्या इंजेक्शनांनी फक्त जमीन तयार होते. आजार सुरू होतो तो शेवटच्या, बीजं पिकवणाऱ्या इंजेक्शनानंतर. त्याला ट्रिगर म्हणतात. वर्षानुवर्षं ट्रिगर म्हणजे एचसीजी हे हार्मोन, ५,००० किंवा १०,००० युनिट, असंच ठरलेलं होतं. एचसीजी रक्तात आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकतं आणि तेवढा काळ अंडाशयांना चेतवत राहतं. त्यातून व्हीईजीएफ नावाचं द्रव्य भरमसाट सुटतं, केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी पोटात, कधी छातीत उतरतं. मागे उरलेलं रक्त घट्ट होतं. लघवी कमी होणं, दम लागणं, रक्ताची गुठळी होणं हे सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आता दोन पद्धतींतला फरक पाहा. एकविसाव्या दिवसापासूनची ती लाँग प्रोटोकॉल. त्यात ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन किंवा बुसेरेलिन देऊन मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी पूर्ण निजवतात. निजलेल्या ग्रंथीकडून शेवटी काही करून घेता येत नाही, त्यामुळे ट्रिगरला एचसीजीशिवाय पर्याय उरत नाही. दुसरी ती अँटॅगोनिस्ट पद्धत. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच सुरू होतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून किंवा मोठा फॉलिकल १२ ते १४ मिलिमीटरचा झाला की सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स ०.२५ मिलिग्रॅम रोज देतात, म्हणजे बीजं वेळेआधी फुटत नाहीत. इथे ग्रंथी झोपत नाही, फक्त थोपवलेली असते. म्हणून शेवटी ट्रिप्टोरेलिन ०.२ मिलिग्रॅम किंवा ल्युप्रोलाइड देऊन तिच्याकडूनच एलएच हे बीजं पिकवणारं हार्मोन सोडवून घेता येतं. ही लाट दीड दिवसात ओसरते. अंडाशय पुढे चेतवले जात नाहीत, आणि तीव्र ओएचएसएसचा धोका फार खाली येतो.

या पद्धतीचा खरा फायदा इंजेक्शनांच्या कमी संख्येत नाही, ट्रिगर निवडता येण्यात आहे. अँटॅगोनिस्ट घेऊन शेवटी नेहमीचं १०,००० चं एचसीजीच टोचलं, तर धोका थोडा कमी होतो खरा, पण हातातलं मोठं शस्त्र वापरलंच नाही असं होतं.

सुरुवातीचा डोसही बघा. तुमच्यासारख्या शरीराला रोज १०० ते १५० युनिट एफएसएच साधारण पुरतं. २२५ पासून सुरुवात करायचं ठरत असेल तर कारण विचारा. पीसीओडीच्या अंडाशयाचं गणित अवघड असतं. चार-पाच दिवस काहीच हलत नाही, घाई करून डोस वाढवला की सगळे फॉलिकल एकदम उसळतात. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवसापासून सोनोग्राफी एक-दोन दिवसांआड हवी, सोबत रक्तातलं एस्ट्राडायॉल, म्हणजे वाढत्या फॉलिकलमधून सुटणारं हार्मोन. ते ३,५०० पिकोग्रॅमच्या वर गेलं किंवा वाढते फॉलिकल २५ च्या पुढे गेले, तर बेत बदलायला हवा.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी काही डॉक्टर महिना-दीड महिना आधी सुरू करतात. लाँग प्रोटोकॉलमध्ये त्याने धोका कमी होतो, अँटॅगोनिस्टमध्ये फरक तेवढा ठळक नाही. जेवणानंतर ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवलं नाही, तर पोट बिघडतं आणि गोळ्या तिसऱ्या दिवशी कपाटात जातात.

खर्चाची अडचण असेल तर आणखी एक रस्ता आहे. अँटॅगोनिस्टच्या इंजेक्शनांऐवजी पहिल्या दिवसापासून मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅमची किंवा डायड्रोजेस्टेरॉनची गोळी रोज देतात. गोळी स्वस्त, ट्रिगरची निवड तशीच शाबूत. मात्र या गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर त्या महिन्यात गर्भ धरण्याजोगं राहत नाही, त्यामुळे सगळे गर्भ गोठवावेच लागतात. तुमच्या बाबतीत ते तसंही करायचंच आहे.

आमच्याकडे दिवसातून दोनदा वीज जाते. एफएसएचचं पेन आणि पावडरच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत. एप्रिलच्या उन्हात काय करायचं? आणि ट्रिगरची वेळ रात्री साडेदहाची दिली आहे, थोडं मागेपुढे झालं तर?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

तास-दोन तास वीज गेल्याने बंद फ्रिजमधलं औषध बिघडत नाही, दार उघडू नका एवढंच. पेनसाठी २ ते ८ अंश हवेत. फ्रीझरमध्ये किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं पेन टाकूनच द्यावं लागतं. एचएमजीच्या, म्हणजे फॉलिकल वाढवणाऱ्या दुसऱ्या इंजेक्शनाच्या, पावडरच्या बहुतेक बाटल्या २५ अंशांपर्यंत चालतात, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमान त्याच्या बरंच वर असतं, तेव्हा त्याही फ्रिजमध्येच बऱ्या. नाशिकहून औषध आणताना थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी घाला, आणि पिशवी व औषध यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर औषध ठेवू नका.

ट्रिगरचं मात्र घड्याळ लावून करा. बीजं काढण्याची वेळ त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बांधलेली असते. साडेदहाचं इंजेक्शन साडेअकराला दिलं गेलं तर लपवू नका, लगेच दवाखान्यात फोन करा. ते ऑपरेशन थिएटरची वेळ सरकवतील. न सांगता गेलात तर बीजं कच्ची निघण्याची शक्यता असते, आणि कारण कुणाला कळत नाही. इंजेक्शन द्यायला गावातला कंपाउंडर येणार असेल तर त्याला बाटलीचं नाव दाखवून, मात्रा वाचून घ्यायला लावा. एचसीजीची आणि ट्रिप्टोरेलिनची खोकी फ्रिजमध्ये शेजारी पडलेली असली की अदलाबदल होते. धोका असलेल्या बाईला चुकून एचसीजी गेलं तर सगळी आखणी फुकट.

पत्नीच्या सोनोग्राफीत तीसेक फॉलिकल दिसले. डॉक्टरांनी ठरलेलं १०,००० चं इंजेक्शन रद्द करून दुसरंच दिलं. २४ बीजं निघाली. आता म्हणतात, या महिन्यात गर्भ गर्भाशयात सोडायचा नाही, म्हणजे ट्रान्सफर नाही, सगळे गोठवायचे. गोठवण्याचे पैसे वेगळे, पुढच्या ट्रान्सफरचे वेगळे. घरचे विचारतात, यात फायदा आपला की दवाखान्याचा?
– एक वाचक, निफाड

तुमचा. डॉक्टरांनी या परिस्थितीत जे करायला हवं तेच केलं आहे.

ओएचएसएस दोन वेळा गाठतो. एक, ट्रिगरनंतर साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तो धोका ट्रिगर बदलून आटोक्यात आणला. दुसरा, दहा दिवसांनंतर, गर्भ रुजल्यावर. रुजलेला गर्भ स्वतःच एचसीजी तयार करतो, आणि तेही रोज वाढतं. सुजलेल्या अंडाशयांवर हा मारा सुरू झाला की आजार आठवडेच्या आठवडे चालतो. जुळं असेल तर आणखी कठीण. ट्रान्सफर पुढे ढकलला की हे दारच बंद होतं. शिवाय ट्रिप्टोरेलिनच्या ट्रिगरनंतर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन लवकर आटतं, नेहमीच्या औषधांवर त्याच महिन्यात सोडलेला गर्भ टिकण्याची शक्यता घटते. म्हणजे घाई केली असती तर दोन्हीकडून तोटा.

चीनमध्ये पीसीओएस (म्हणजे आपण म्हणतो ते पीसीओडी) असलेल्या १,५०८ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भ गोठवून नंतर सोडले त्या गटात पहिल्या ट्रान्सफरनंतर ४९.३ टक्के स्त्रियांना मूल झालं, त्याच महिन्यात सोडले त्या गटात ४२ टक्के. ओएचएसएसचं प्रमाण १.३ विरुद्ध ७.१ टक्के. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी. गोठवलेल्या गटात गरोदरपणातला वाढता रक्तदाब, ज्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, तो ४.४ टक्के होता, दुसऱ्या गटात १.४. म्हणून पुढच्या ट्रान्सफरसाठी अस्तर फक्त इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर तयार करणार, की लेट्रोझोल ही बीज वाढवणारी गोळी देऊन, बीज फुटू देऊन, हे विचारा. दुसऱ्या पद्धतीत शरीराची स्वतःची हार्मोन्स मिळतात, आणि रक्तदाबाच्या दृष्टीने ती बरी दिसते.

पैशांबद्दल लाजू नका, लेखी मागा. गोठवण्याच्या रकमेत किती महिने धरले आहेत, वार्षिक भाडं किती, ट्रान्सफरच्या आकड्यात औषधं आहेत की वेगळी. भारतातल्या २०२१ च्या कायद्यानुसार गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतात, तेव्हा एक-दोन महिन्यांच्या उशिराने काही बिघडत नाही. आणि २४ हा आकडा नातेवाइकांना कौतुकाने सांगण्यासारखा नाही. घडांच्या संख्येवरून बागेची प्रत ठरत नाही हे निफाडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पंधराच्या आसपास बीजं निघाली असती तर ती चांगली, जास्त सुरक्षित सायकल, म्हणजे उपचाराची फेरी, म्हटली असती.

एक छोटी गोष्ट. काही ठिकाणी बीजं कच्ची राहू नयेत म्हणून ट्रिप्टोरेलिनसोबत १,००० ते १,५०० युनिट एचसीजीही टोचतात, त्याला ड्युअल ट्रिगर म्हणतात. तीस फॉलिकल असताना तेवढंही नको. ट्रिगर नीट लागला का ही शंका असेल तर दहा-बारा तासांनी रक्तातलं एलएच तपासता येतं. ते १५ च्या खाली असलं तर ग्रंथीने साथ दिलेली नाही. मूळचं एलएच फारच कमी असलेल्या स्त्रियांत असं होतं.

बीजं काढण्याच्या आधीपासून कॅबरगोलिन रोज रात्री एक, अशी आठ दिवसांची चिठ्ठी दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर दूध आटवायची गोळी. चुकून लिहिली का?
– एक वाचक, सिडको

चूक नाही. मूल दगावल्यावर दूध थांबवायला जी गोळी देतात, तीच ही. वर सांगितलेल्या व्हीईजीएफचा केशवाहिन्यांवरचा परिणाम ती रोखते, म्हणून ट्रिगरच्या दिवसापासून ०.५ मिलिग्रॅम, सात-आठ दिवस देतात. मध्यम आजाराचं प्रमाण त्याने कमी होतं. मात्र ही जोडीची गोळी आहे. एचसीजीचा ट्रिगर देऊन, वर गर्भही सोडून, फक्त कॅबरगोलिनवर भिस्त ठेवू नये. झोपताना, काही खाऊन घ्या. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ होते, आणि सकाळी पटकन उठल्यावर चक्कर येते. आधीपासून बीपी कमी असेल किंवा हृदयाच्या झडपेचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा.

अल्ब्युमिनची महागडी बाटली ‘सावधगिरी म्हणून’ कुणी सुचवली, तर प्रतिबंधासाठी तिची शिफारस आता होत नाही. इंजेक्शनं मध्येच थांबवून एस्ट्राडायॉल उतरण्याची वाट पाहणं, याला कोस्टिंग म्हणत, तेही मागे पडलं.

शेजारच्या एका बाईने बीजदान केलं तर पैसे मिळतील असं सांगितलं. वय ३२, एक मूल आहे. तिने स्वतः तीनदा केलं म्हणते. धोका किती?
– एक वाचक, पंचवटी

तिने तीनदा केलं असेल तर ते कायद्याबाहेर आहे. २०२१ च्या कायद्यानुसार दाती २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, आयुष्यात एकदाच दान करता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. बीजांची विक्री हा गुन्हा आहे. दातीसाठी १२ महिन्यांचा विमा काढावा लागतो. जिथे कागद नाही, विमा नाही, तिथे जाऊ नका, कारण आजारी पडल्यावर ओळख दाखवायला कुणी येत नाही. वैद्यकीय बाजूने एवढंच: दातीच्या गर्भाशयात गर्भ सोडायचाच नसतो, त्यामुळे तिला एचसीजीचा ट्रिगर देण्याचं काहीच कारण नाही.

आययूआयसाठी गोळ्या आणि तीन इंजेक्शनं झाली. पाच फॉलिकल आल्यावर डॉक्टरांनी सायकलच रद्द केली, आणि पंधरा दिवस संबंधही नको म्हणाले. इतकं घाबरायचं कारण काय?
– एक वाचक, मालेगाव

तिळ्या-चौळ्यांचं. आययूआयमध्ये, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, जास्तीची बीजं बाहेर काढली जात नाहीत, सगळी पोटातच फुटतात. पाचांतली तीन रुजली तर आई आणि बाळं दोघांच्या जिवाशी खेळ होतो. एचसीजी न देता थांबलं की ओएचएसएसही टळतो. पुढच्या वेळी लेट्रोझोलसोबत इंजेक्शनाचा डोस कमी ठेवायला सांगा.

उपचार मुंबईला केला. काल २१ बीजं काढली, संध्याकाळी कसारा घाट चढून घरी आले. ट्रिगर एचसीजीचा होता. आज पोट तट्ट झालंय. सासूबाई म्हणतात झोपून राहा, भरपूर पाणी पी, अंड्याचा पांढरा भाग खा. काय पाळू? दवाखान्यात कधी जाऊ?
– एक वाचक, सिन्नर

पत्र छापून येईपर्यंत तुमचे ते दिवस गेलेले असतील. तुमच्या जागी असलेल्या इतरांसाठी सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवसाचा फुगीरपणा बहुतेकींना होतो, तो आपोआप जातो. खरं लक्ष तिसऱ्या दिवसापासून ठेवायचं, आणि अंदाजाने नाही, मोजून. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. बेंबीच्या रेषेत शिंप्याच्या टेपने पोटाचा घेर. चोवीस तासांची लघवी मोजपात्रात. वहीत तीन रकाने करा. दिवसात एक किलोहून जास्त वजन वाढलं, लघवी अर्ध्या लिटरखाली गेली, उलट्या थांबत नाहीत किंवा आडवं पडल्यावर दम लागतो, यातलं एकही झालं तरी त्याच दिवशी दवाखाना. पिंढरीत दुखणं, मान किंवा दंड एका बाजूने सुजणं म्हणजे गुठळीची शंका. एका कुशीत अचानक असह्य कळ येऊन मळमळलं तर अंडाशयाला पीळ बसल्याची शंका. या दोन्हींत सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

पाणी तहानेप्रमाणे, दिवसाला दोन ते तीन लिटर. त्यातला भाग ताक, शहाळं, ओआरएस असा ठेवा. जबरदस्तीने पाच लिटर रिचवल्याने रक्त पातळ होत नाही, पोट मात्र फुगतं. अंड्याचा पांढरा भाग खाल्ल्याने नुकसान नाही, पण त्याने ओएचएसएस टळतो असं सिद्ध झालेलं नाही. झोपून राहणं मात्र चुकीचं. रक्त घट्ट असताना पाय न हलवणं म्हणजे गुठळीला आमंत्रण. घरातल्या घरात फिरा, पण जड उचलणं, व्यायाम आणि संबंध टाळा. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, मूत्रपिंडावर ताण येतो.

जवळच्या डॉक्टरांकडे गेलात तर दोन चुका सहज होतात. पोट फुगलंय, लघवी कमी आहे, म्हणून लघवीचं इंजेक्शन दिलं जातं. पाणी शरीरात आहे पण रक्तवाहिन्यांच्या बाहेर, त्यामुळे ते इंजेक्शन रक्तातलं उरलंसुरलं पाणी काढतं आणि रक्त आणखी घट्ट होतं. दुसरी चूक, सोनोग्राफीत दहा-बारा सेंटिमीटरचा अंडाशय बघून गाठ समजून ऑपरेशनला घेणं. म्हणून दाखवताक्षणी सांगा: आयव्हीएफ, एचसीजी ट्रिगर, अमुक तारखेला २१ बीजं.

रक्तात हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, रक्त किती घट्ट ते यावरून कळतं), पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या करतात. हिमॅटोक्रिट ४५ च्या वर म्हणजे तीव्र आजार, ५५ च्या वर म्हणजे जिवावरचा. इथे आपल्याकडची एक खास फसगत आहे. बाईला मुळात रक्त कमी असतं, नेहमीचं हिमॅटोक्रिट ३२-३३. ते ४२ वर आलं तरी रिपोर्टवर लाल खूण येत नाही, सगळे निर्धास्त होतात, आणि रक्त प्रत्यक्षात बरंच घट्ट झालेलं असतं. उपचारापूर्वीचा रिपोर्ट सोबत असला तरच हे कळतं.

तीव्र आजारात भरती करून सलाईन मोजून देतात, गुठळी टाळायला एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज पोटाच्या कातडीखाली, आणि पोट फारच ताणलं तर सोनोग्राफीखाली सुईने पाणी काढतात. पाणी काढल्याने अशक्तपणा येतो ही भीती बाळगू नका. श्वास मोकळा होतो, लघवीही वाढते.

गर्भ सोडला नसेल तर पाळी आली की सूज ओसरते. मुंबईच्या दवाखान्याने ट्रान्सफर याच आठवड्यात ठेवला असेल, तर एचसीजी ट्रिगर, २१ बीजं आणि तट्ट पोट हे तिन्ही सांगून तो पुढे ढकलायला सांगा. निघताना जो कागद मिळतो त्यावर ट्रिगरचं नाव, मात्रा आणि वेळ, शेवटचं एस्ट्राडायॉल, बीजांची संख्या आणि उपचारापूर्वीचा हिमॅटोक्रिट लिहून घ्या, आणि रात्री उचलला जाईल असा डॉक्टरांचा फोन नंबरही.